चारशे बारावा

चारशे अकरा.

झेंडूचा हार घातलेला राउटर फार गरीब दिसतो.

"मी चोर नाही साहेब. बारा वर्षं झाली, काटा सांभाळून राहिलो. चुनखडीचा एक खडा घरी नेला नाही. आणि नेऊन करू काय त्याचं?"

तीन नंबरची कैची सकाळी रुसते. तिला आधी दोन वेळा रिकामी चालवावी, मग लोखंड द्यावं.

बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं. डाव्या हातानं. उजव्या हातात बुंदीचा द्रोण होता.

नव्व्याण्णव पूर्णांक शहात्तर शतांश टक्के.

(कृपया संगणक बंद करू नका.)

हे सगळं एकाच दिवसाचं आहे, सतरा सप्टेंबरचं. थापड तेवढी जुनी; पण तीसुद्धा सतरा सप्टेंबरचीच. त्या दिवशी भिलाईत विश्वकर्मा पूजा असते आणि हातोडीपासून क्रेनपर्यंत सगळं गाव हार घालून गप्प बसतं. गप्प म्हणजे यंत्रं. लाउडस्पीकर हे यंत्र आहे असं अजून कोणी मानलेलं नाही.

आमची कंपनी वजन करते. भिलाई, दुर्ग, नंदिनी, जिथं जिथं ट्रक भरून काही आत जातं किंवा बाहेर येतं, तिथं फाटकाशी काटा असतो, काट्याशेजारी खोली असते, खोलीत कम्प्युटर असतो. असे लहानमोठे मिळून चारशे बारा. मी काटा पाहत नाही, ट्रक पाहत नाही. मी कम्प्युटर पाहतो. तेही खरे नाहीत, त्यांचे ठिपके. ऑपरेटिंग सिस्टिमचं नवं अपडेट निघालं की ते चारशे बारा ठिकाणी पोचलं का, बसलं का, बसून नीट उठलं का, हे माझ्या पडद्यावर दिसतं. झालं तर हिरवा ठिपका, चालू असेल तर पिवळा, नाही तर लाल. कोणी विचारलं, काय काम करतोस, तर मी खोटं सांगतो, कारण खरं सांगितलं की लोक थोडा वेळ वाट पाहतात, की पुढे अजून काहीतरी येईल. पुढे काही नाही. मी पाहतो. पाहून पाहून सवय अशी लागली आहे की मावसभावाच्या लग्नात पंगत बसली तेव्हा मी मनात चौऱ्याहत्तर टक्के पानं वाढून झाल्याची नोंद केली आणि कोपऱ्यातल्या एका आजोबांकडे वरण पोचलं नव्हतं, तिकडे मला लाल दिसायला लागलं. मी उठून त्यांना वरण वाढलं. लोक म्हणाले, रामाजीचा पोरगा किती सेवाभावी. सेवाभाव कसला, आकडा पूर्ण होत नव्हता.

या वेळचं अपडेट मोठं होतं. एक-सव्वा तास खाणारं. लोकांकडे न करण्याची कारणं असतात आणि ती मी सगळी ऐकली आहेत. कोणाकडे ट्रकांची रांग असते, कोणाचा कम्प्युटर म्हातारा असतो, एकानं लिहिलं होतं की घरी सुतक आहे. तेव्हा सप्टेंबरच्या सुरुवातीला मला एक मेल सुचला. आजवर मला सुचलेली ती एकमेव गोष्ट असावी. "विश्वकर्मा पूजेआधी आपलं यंत्र अपडेट करून घ्या. देवासमोर यंत्र न्हाऊन-धुऊन ठेवावं, पारोसं ठेवू नये." हिंदीत लिहिला होता, पण भाव हाच. तीन दिवसांत दोनशे ऐंशी ठिपके हिरवे झाले. शेजारच्या टेबलावरची दिपाली म्हणाली, "अंकुर, तू ना, कीर्तनकार व्हायला पाहिजे होता." घरी जेवताना मी तो मेल बाबांना वाचूनही दाखवला. अडतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेल्या माणसाकडून दाद हवी होती. बाबा भाकरी मोडत म्हणाले, "बरोबर आहे." एवढंच म्हणाले. बाबांच्या तोंडून हे दोन शब्द निघणं म्हणजे शंभर टक्के.

आणि सतरा तारखेला सकाळी दहा वाजता, ऑफिसातल्या पूजेच्या उदबत्तीच्या धुरातून, पडद्यावर चारशे अकरा हिरवे आणि एक लाल. नंदिनी-शून्य-सात. खाणीच्या काट्यावरचा लॅपटॉप.

लाल एकटा असला की त्याला चेहरा येतो. शंभर लाल असले तर तो नुसता आकडा असतो, त्याच्यासोबत चहा पिता येतो. एकटा लाल आपल्याकडे पाहतो. माझ्या बाजूनं सांगायचं तर मी त्याच्या मागे दोन आठवड्यांपासून होतो. नंदिनीच्या काट्यावर शेषराव म्हणून आहेत, पन्नाशीचे, भंडाऱ्याकडचे. त्यांना मी रोज फोन करत होतो.

"शेषरावजी, तो लॅपटॉप चालू करा ना."

"कोणता लॅपटॉप साहेब? इथं एक काटा आहे, एक मोठा कम्प्युटर आहे, आणि मी आहो. तिघंही चालू आहो."

"माझ्या पडद्यावर दिसून राहिला ना पण. काल चार वाजून दोन मिनिटांनी तो चालू होता. तुम्ही 'नंतर आठवण करा' दाबता रोज."

"मी कावून दाबीन? मले काही आठवतच नाही, तं नंतर आठवण कोणाले करू?"

हे मला उद्धट वाटलं होतं. मी वर कळवलं. वर म्हणजे भाग्यश्री मॅडम. त्या मूळच्या नागपूरच्या, पण ऑफिसात फक्त हिंदीत रागावतात, कारण त्यांच्या मते मराठीत रागावलं की घरचं वाटतं. शेषरावना खुलासा मागणारं पत्र गेलं. त्यांचा खुलासा सतराच्याच सकाळी आला, तो वर लिहिलाच आहे, चुनखडीच्या खड्याचा.

मॅडम सव्वाअकराला माझ्या टेबलाशी आल्या. कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा, त्यामुळे जास्तच रागावल्यासारख्या दिसत होत्या. "अंकुर, शाम छह बजे तक सौ परसेंट. निन्यानवे नहीं. हेड ऑफिस बोल रहा है कि ये मॉनिटरिंग वो खुद कर लेंगे, भिलाई में दो लोग किसलिए बिठाए हैं." दोन लोक म्हणजे मी आणि दिपाली. दिपालीनं हातातला पेढा खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, लॅपटॉप गहाळ दाखवा आणि पुसून टाका. दुरून. तशी सोय असते. हरवलेलं, चोरीला गेलेलं यंत्र आपण इथून रिकामं करू शकतो. त्याला नेट मिळालं की त्याच क्षणी ते आतलं सगळं पुसतं आणि यादीतून स्वतःचं नाव कमी करतं. मी आदेश दिला. यंत्रानं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. पुन्हा विचारलं, हा आदेश मागे घेता येणार नाही, नक्की? मी म्हटलं, नक्की. माझ्या आयुष्यात मी इतक्या वेळा इतक्या ठामपणे कशालाच होकार दिलेला नाही, नोकरी घेतानासुद्धा एकदाच दिला होता. लाल ठिपक्याशेजारी शब्द उमटला: प्रलंबित. लॅपटॉपला नेट नव्हतं. म्हणजे आदेश दारात उभा होता, दार उघडायची वाट पाहत.

अकरा पस्तीसला शेषरावनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. आवक-जावक वहीचं पान, एप्रिल २०२०, लॉकडाउनचा महिना. "नंदिनी ०७, लॅपटॉप एक, चार्जर एक, घरून काम करण्याकरिता दिला." खाली घेणाऱ्याची सही. ती सही माझी होती. अंकुरच्या अ ला मी जी उगीच शेपटी काढतो, ती त्या वहीत पुढच्या ओळीपर्यंत गेली होती आणि कोणाच्या तरी टॉर्चच्या बॅटरीच्या नोंदीत शिरली होती. फोटोखाली शेषरावनी काहीच लिहिलं नव्हतं.

(एकसष्ट टक्के पूर्ण. कृपया संगणक बंद करू नका.)

माणूस एखादी वस्तू विसरतो म्हणजे काय करतो, हे मला घराकडे जाताना स्कूटरवर कळत होतं. वस्तू हरवलेली नव्हती. ती रोज माझ्यासमोर होती, कॅम्प-१ मधल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलावर, आईनं विणलेल्या लोकरी झाकणाखाली. लॉकडाउन संपला, ऑफिसनं मला नवा कम्प्युटर दिला आणि हा लॅपटॉप घरातल्या घरात बाबांचा झाला. लॅपटॉपच्या वरच्या झाकणावर कंपनीचं लेबल होतं, त्यावर आई रात्री कपाळावरची टिकली काढून चिकटवते. आता तिथं लेबल नाही, मरून रंगाची वसाहत आहे. तो लॅपटॉप राहिलाच नव्हता, तो घर झाला होता. पाटा-वरवंट्याला कोणी नंदिनी-शून्य-सात म्हणेल का? आणि बाबा रोज संध्याकाळी त्यावर एका बोटानं लिहीत. तीन वर्षांपासून. फाइलचं नाव "मशीनी". नोकरीत ज्या ज्या यंत्राला हात लागला, त्या प्रत्येकाची माहिती. लांबी-रुंदी नाही, ती कारखान्याकडे असेल. स्वभाव. लोखंड कापणारी कोणती कैची सकाळी रुसते, कोणता पंखा उन्हाळ्यात खोटं बोलतो, कोणत्या क्रेनला जास्त हाका मारू नयेत. सत्तावन्न यंत्रं झाली होती. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती. बाबांना मी म्हटलं होतं, एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवू. बाबा म्हणाले होते, पूर्ण होऊ दे. अर्धवट माल मिलच्या बाहेर काढत नाहीत.

रस्त्यात प्रत्येक चौकात मंडप. क्रेनला हार, वेल्डिंगच्या सेटला हार, एका रोडरोलरला तर इतके हार की तो वरातीला निघाल्यासारखा. आणि मी त्यांच्यामधून चाललो होतो, बापाच्या सत्तावन्न यंत्रांना पुसून टाकायचा आदेश खिशात घेऊन. नाही, खिशात नाही. तो खिशात असता तर फाडला असता.

घरी दार उघडं. आई म्हणाली, "कावून रे, इतल्या लवकर सुट्टी झाली?"

"बाबा कुठे आहेत?"

"झोपले. पहाटे चारपासून पूजाच करून राहिले होते. मिक्सरले हार, पंपाले हार, माह्या शिलाई मशीनले दोन हार. फ्रिज बंद कराले आले, तं मी म्हटलं, नासलेलं दूध तुम्हीच प्या मंग. तवा फ्रिजले सोडलं. म्हणते, ती भट्टी समजू, चालू राहू दे. कारखान्यात म्हणे भट्टी पूजेच्या दिवशीही बंद करत नाही."

"आणि लॅपटॉप?"

"त्याले तं कालच आंघोळ घातली. आज बसला आहे पाहा कसा नवरदेवावानी."

बसला होता. टेबलावर, मिटलेला, कुंकवाचं स्वस्तिक, वर लाल नाडा सात वेढे मारून बांधलेला. शेजारी राउटर, हारासकट, बंद. आणि नाड्याला लटकवलेली ती पत्र्याची पाटी. ती पाटी मी लहानपणापासून ओळखतो. लाल रंग, पांढरी अक्षरं: "आदमी काम पर हैं. स्विच न लगाएँ." मिलमध्ये एखादं यंत्र दुरुस्तीला थांबवलं की काम करणारा माणूस त्याच्या स्विचवर आपली पाटी लटकवतो. कायदा एकच: जो लटकवतो तोच काढतो. त्याची पाळी संपली, तो घरी गेला, तरी दुसरा हात लावत नाही. माणूस पाठवून त्याला बोलावून आणतात. कारण पाटी आहे म्हणजे आत कोणीतरी आहे. निवृत्त होताना बाबांना घड्याळ मिळालं, शाल मिळाली आणि ही पाटी त्यांनी मागून घेतली. घड्याळ बंद पडलं.

माझ्यापुढचा प्रश्न सरळ होता, म्हणून जास्त वाईट. लॅपटॉप नेटशिवाय उघडायचा, फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची, मग नेट लावायचं. लॅपटॉप पुसला जाईल, यादीतून कमी होईल, सहाच्या आत शंभर टक्के. पण त्यासाठी पाटी काढायची. पाटी तशीच राहू दिली तर बाबांची यंत्रं सुखरूप आणि मी व दिपाली हेड ऑफिसच्या कृपेवर. वर्षभर मी ज्याला शत्रू मानत आलो, त्या बंद राउटरनं या घडीला माझ्या बापाचं सगळं लिखाण पोटाशी धरलं होतं. आणि बाबा आतल्या खोलीत घोरत होते, त्या मिलमधल्या लयीत, जी झोपेतही पाळी बदलत नाही.

मी त्यांना उठवलं नाही. उठवून काय सांगणार? मी जेवलो. आईनं वांग्याची भाजी केली होती, ती मी तीनदा घेतली, घाबरलो की मला भूक लागते. दीड वाजला. दोन वाजले. मी लॅपटॉपसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि नाड्याच्या गाठीकडे पाहत राहिलो. साधी सुरगाठ. एक टोक ओढलं की सात वेढे आपोआप सुटतील. आई कपडे वाळत घालून आली, माझ्यामागे उभी राहिली, माझं बोट कुठं आहे ते तिनं पाहिलं.

"सोड ना," ती हळूच म्हणाली. "मी काई सांगत नाही."

"आई, पाटी आहे."

"मंग काय झालं? मी रोज त्यायच्या पाटीखालून चष्मा काढत असतो."

बोट गाठीवर ठेवलं, आणि गालावर ऊन पडल्यासारखं झालं. डाव्या हाताची थापड उजव्या गालावर बसते; हे वाचून कळत नाही. मी आठ वर्षांचा होतो. पूजेच्या दिवशी घरच्यांना मिल बघायला आत नेत. एवढं मोठं छप्पर, की आत पाऊस पडला असता तरी कळलं नसतं. सगळं बंद, सगळ्यांना हार, आणि त्या शांततेत बाबा मला नावानं ओळख करून देत होते, ही मोठी, ही तिची बहीण, ही जरा तापट. एका खांबावर हिरवं बटण होतं आणि त्यावर अशीच लाल पाटी. मी पाटी बाजूला सारली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. वीजच तोडलेली होती. काहीच झालं नाही, आणि बाबांनी मारलं. बुंदी सांडली नाही. मग ते खाली बसले आणि माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "आत कोणी नव्हतं, हे तुले माहीत होतं का?" मला माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर मी कुठलंही बटण दाबताना थांबतो. दिपाली हसते, लिफ्टचं बटण दाबतानाही तू आधी विचार करतोस. सव्वीस वर्षं थांबत आलो, आणि आज सकाळी सव्वाअकराला, लाल ठिपक्याची पाटी समोर असताना, यंत्र स्वतः दोनदा नक्की का, नक्की का विचारत असताना, नाही थांबलो. आत कोणी नव्हतं हे मला माहीत होतं का?

मी बोट काढून घेतलं. आई म्हणाली, "बापावरच गेला," आणि उरलेल्या बुंदीचा डबा आणून समोर ठेवला.

तीन वाजता दिपालीचा फोन. "अरे, मॅडमने चौथी बार पूछा. मिला क्या लॅपटॉप?"

"मिळाला."

"कुठे?"

"पूजेला बसलाय."

ती म्हणाली, "तुला ताप आहे का रे?"

चार वाजता घोरणं थांबलं. बाबा बाहेर आले, मला पाहून म्हणाले, "आज अर्धी पाळी?" चहा झाला. बशीत ओतून, फुंकून, पूर्ण. चहा होईपर्यंत बाबांशी बोलता येत नाही. बशी खाली ठेवली तेव्हा मी सगळं सांगितलं. एका दमात, अर्धं हिंदीत, कारण घाबरलो की मला भूक लागते आणि हिंदी येतं. वही, सही, शेषराव, आदेश, दोनदा नक्की, सहा वाजता, मी आणि दिपाली. बाबांनी रिकामी बशी बाजूला सारली. शेवटी म्हणाले,

"म्हणजे नेट लागलं का माह्या मशीनी गेल्या."

"हो."

"आन् तुनं सोडल्या त्या."

"हो बाबा. पण मले माहीत नव्हतं का त्या आपल्या घरच्या..."

"तो आदेश तुहा आहे ना? मंग तू काढ. ज्यानं लटकवला तो काढते."

"काढता येत नाही. एकदा दिला का दिला."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते रुसणाऱ्या कैचीकडे पाहत असावेत. "ज्यानं पाटी लावली त्यालेच काढता येत नाही? अशी कशी मशीन आहे तुही? अशावर पाळी कोण करते?"

मी पाळी करतो.

"बाबा, भट्टी पूजेच्या दिवशी चालू ठेवत होते ना. तसं समजा. फ्रिजले समजलं तसं."

"भट्टी बंद केली तं फुटते. हा लॅपटॉप फुटते का?"

"लॅपटॉप नाही फुटत. नोकरी फुटते. माही आन् दिपालीची."

आई आतून म्हणाली, "दुधापेक्षा नोकरी महाग असते हो!"

बाबा उठले. मला वाटलं, पाटी काढायला. ते खिडकीशी गेले आणि बाहेर, समोरच्या मंडपाकडे बघत उभे राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "ज्याले चोर म्हटलं, त्याले फोन लाव पहिले."

"आत्ता? बाबा, साडेचार होऊन गेले."

"मिलमधी पाटी काढाच्या आधी आवाज देत असतो. आत कोणी आहे का म्हणून. आत तो आहे. दे आवाज."

मी शेषरावना फोन लावला. स्पीकरवर, बाबांनी तसं सांगितलं. मागे ढोलक, कोणीतरी माइकवर एक दोन तीन म्हणत होतं.

"शेषरावजी, तो लॅपटॉप माझ्याकडेच आहे. माझ्या घरी. माझी चूक झाली. माफ करा."

ढोलक थांबली नाही. "साहेब," शेषराव म्हणाले, "हे मले लिहून द्या. माही बायको दोन आठवडे झाले, घरातल्या पेट्या तपासून राहिली. म्हणते, लपवला असन तं सांगा, पोरीले शिकाले होईल."

"देतो. आत्ताच देतो."

"आन् साहेब, आज पूजा आहे. मशीनले त्रास नका देऊ."

बाबा स्वतःशीच म्हणाले, "माणूस बरा आहे."

मी मोबाइलवरून मॅडमना मेल लिहिला, शेषरावना प्रत. नंदिनी-शून्य-सात २०२० पासून माझ्या घरी आहे, सही माझी आहे, शेषरावांचा काही संबंध नाही. पाठवण्याआधी थांबलो, सवयीनं. मग बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "बरोबर आहे."

मग ते टेबलाशी आले, लॅपटॉपला नमस्कार केला, "भट्टी समजून," असं काहीतरी पुटपुटले आणि पाटी काढून खिशात घातली. नाडा सोडला, सातही वेढे हातावर गुंडाळून घेतले. आईनं भजनांची पेन ड्राइव्ह आणून दिली. लॅपटॉप उघडला, फाइल उघडली. पंचेचाळीस पानं. मी खाली सरकत गेलो आणि शेवटी, सत्तावन्नच्या पुढे, एक मला माहीत नसलेली नोंद दिसली.

"५८. लॅपटॉप. पोरानं दिला. स्वभाव भित्रा. हरेक गोष्ट दोनदा विचारते, नक्की का, नक्की का. याच्यावर रागवू नये. काम करत असताना मधीच नाहाले बसतो म्हणते, तवा थांब म्हणावं, वेळ पाहून आपणच..."

"वाचत नको बसू," बाबा म्हणाले, "भर."

मी भरली. दोनदा तपासली. पाच अठ्ठेचाळीसला आईनं राउटरचा हार काढला आणि कुठं ठेवावा न कळून स्वतःच्या हातात घेऊन उभी राहिली. हिरवा दिवा लागला. आम्ही तिघं पडद्यासमोर. थोडा वेळ काहीच झालं नाही, मग पडदा काळा झाला आणि त्यावर लहान पांढरे ठिपके गोल फिरायला लागले. बाबांनी हात पुढे करून झाकणावर ठेवला, ताप पाहतात तसा. "गरम होऊन राहिला," म्हणाले. टिकल्यांपैकी एक गळून खाली पडली. तेवढ्यात मॅडमचा मेसेज आला: "४११/४११. सौ परसेंट. गुड. तुम्हारा मेल पढ़ा, कल बात करते हैं." चारशे बारातून एक वजा केला होता, म्हणून पूर्ण. मी वाचून दाखवलं. बाबांनी विचारलं, उद्या काय होईल. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी खिशातली पाटी काढली, पडद्यावर फिरणाऱ्या ठिपक्यांकडे एकदा पाहिलं आणि पाटी माझ्या हातात दिली. पत्रा अजून त्यांच्या अंगाच्या उबेचा होता.

मग दिपालीचा फोन. "अंकुर, एक गंमत सांगू? तुझा लॅपटॉप जायच्या आधी पाच-सहा सेकंद पडद्यावर चारशे बारा दिसले. सगळे हिरवे. मी ओरडेपर्यंत गेले. सिस्टिम पागल झाली आहे."

"झाली असेल," मी म्हटलं.

बाबांनी सोळा सप्टेंबरला, पूजेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉपचं अपडेट स्वतः सुरू केलं, तो पुन्हा चालू होत असताना पुसायला म्हणून राउटर बंद केला तो पूजेसाठी बंदच ठेवला, आणि पाच वाजून बावीस मिनिटांनी, माझ्या पडद्याला न कळता, अपडेट पूर्ण झालं.